मोठा पंखा, छोटी मोटर: ब्रश्ड क्वाडकॉप्टरचे प्रॉप निवडायचे आणि तपासायचे कसे

गेल्या उन्हाळ्यात माझी ऐरोलीची भाची तिचं तळहाताएवढं क्वाडकॉप्टर घेऊन ठाण्याला आली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, हात चालतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं. "मामा, मी मोठे पंखे लावले. मोठा पंखा म्हणजे जास्त हवा, म्हणजे जास्त वेळ उडायला हवं ना? उलट दीड मिनिट कमी उडतंय. आणि मोटर बघ, हात लावून बघ!" मी हात लावला आणि लगेच काढला. चहाच्या कपाला लावल्यासारखं झालं.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. मोठा पंखा, म्हणजे मोठा प्रॉप, हवेच्या दृष्टीने खरंच काटकसरी असतो. पण तो फिरवायला जोर जास्त लागतो, आणि तो जोर देताना छोटी ब्रश्ड मोटर तापून सगळी बचत खाऊन टाकते. प्रॉप निवडणं म्हणजे या दोघांची पत्रिका जुळवणं. ती पुस्तकात बघून जुळत नाही, काट्यावर ठेवून जुळवावी लागते. त्या सुट्टीत आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी मोटर ओळखा

खेळण्यातल्या आणि शिकाऊ क्वाडमध्ये ज्या पेन्सिलीच्या टोकाएवढ्या मोटरी असतात त्या कोअरलेस. आत लोखंडाचा गाभा नसतो, तांब्याच्या तारेची पोकळ वाटी स्वतःच फिरते. त्यामुळे ती हलकी आणि चपळ, पण उष्णता साठवायला जागा नाही. सेकंदांत तापते. शिवाय फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश घासत असतात, त्यामुळे मोटरचं आयुष्य उड्डाणाच्या मोजक्या तासांचं. जितका करंट जास्त ओढाल तितके ते तास कमी. हे मनात पक्कं ठेवा, पुढचे बरेच निर्णय त्यावर आहेत.

मोटरचं माप आकड्यांत लिहिलेलं असतं. ६१५ म्हणजे ६ मिमी व्यास, १५ मिमी लांबी. ७१६ आणि ७२० म्हणजे ७ मिमी व्यास. ८५२० म्हणजे ८.५ मिमी व्यास, २० मिमी लांबी. ढोबळ जोड्या अशा: पिंजऱ्यातल्या चिमुकल्या क्वाडला ६ मिमी मोटर आणि ३१ मिमीचा चार पात्यांचा प्रॉप, ७ मिमी मोटरला साधारण ४५ ते ५५ मिमी, ८५२० ला ५५ ते ७५ मिमी. संशोधनासाठी वापरलं जाणारं स्वीडनचं क्रेझीफ्लाय २.० घ्या: वजन २७ ग्रॅम, मोटरी ७ बाय १६ मिमीच्या, प्रॉप साधारण ४५ मिमीचे, बॅटरी २४० मिलीअँपिअर-तासांची आणि उड्डाण सुमारे सात मिनिटांचं. ८५२० च्या बाजूला टेलो हा छोटा कॅमेरा ड्रोन आहे: सुमारे ८० ग्रॅम आणि ३ इंची प्रॉप. तुमचं क्वाड या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसत असेल तर अंदाज बांधायला ही दोन टोकं पुरेशी आहेत.

गिअरवाल्या मोटरींची गोष्ट वेगळी. सायमा एक्स५सी सारख्या क्वाडमध्ये तशाच छोट्या मोटरी दातेरी चाकांतून हाताएवढे प्रॉप सावकाश फिरवतात. तिथला प्रॉप थेट मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे बाहेर आलेल्या बारीक दांडीवर, बसवायचा विचारही करू नका.

शाफ्ट, भोक आणि हब

विकत घेताना लोक व्यास बघतात, भोक बघत नाहीत. छोट्या मोटरींचा शाफ्ट ०.८ मिमी किंवा १ मिमी असतो. ०.८ च्या भोकाचा प्रॉप १ मिमीच्या शाफ्टवर दाबलात तर हब, म्हणजे प्रॉपचा भोक असलेला मधला भाग, तडकतो. तडा लगेच दिसतही नाही, तिसऱ्या-चौथ्या उड्डाणात प्रॉप हवेतच निघून जातो. उलट केलंत तर तो शाफ्टवर नुसता गिरक्या घेतो. आमचा एक असाच सुटला आणि देवघरावरच्या फोटोच्या मागे जाऊन पडला. आईने तो दिवाळीच्या साफसफाईत शोधून दिला.

बसवताना हब आणि मोटरच्या तोंडामध्ये अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. हब टेकला तर तो घासतो, करंट वाढतो, आणि तुम्ही प्रॉपला दोष देत बसता. काढताना पातं धरून कधीही ओढू नका. शाफ्ट वर खेचला गेला की आतली वाटी आणि ब्रश यांची जागा हलते. दोन पातळ स्क्रू ड्रायव्हर हबखाली समोरासमोर सरकवून सारखा जोर द्यायचा, किंवा प्रॉप काढायची चिमुकली फोर्क मिळते ती वापरायची. बसवतानाही मोटरचं अंग धरून दाबा, मागच्या प्लास्टिकच्या टोपीवर जोर येऊ देऊ नका. तिथेच ब्रश असतात.

एक घरगुती रोग सांगतो: केस. जमिनीवरून उडवलं की शाफ्टभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात, हबखाली लपतात आणि ब्रेक लावल्यासारखं काम करतात. कुठल्याही चाचणीआधी भिंग आणि चिमटा घेऊन चारही शाफ्ट साफ करा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

पिच, पाती आणि दिशा

पिच म्हणजे प्रॉप घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेरीत किती पुढे गेला असता ते अंतर. पात्यांचा तिरकेपणा जितका जास्त तितका पिच जास्त. जास्त पिच सरळ वेगासाठी चांगला. एका जागी तरंगायला कमी पिचचा प्रॉप बहुधा बरा. घरात, हॉलमध्ये, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये उडवणाऱ्याला वेग हवाय कुणाला? म्हणून माझा कल कमी पिचकडे.

पाती किती? जागा असेल तर दोन. पिंजऱ्यामुळे किंवा फ्रेममुळे व्यास वाढवता येत नसेल तेव्हा तीन किंवा चार. जास्त पाती म्हणजे त्याच व्यासात जास्त उचल, पण जास्त करंट.

दिशेची गल्लत प्रत्येकाची एकदा तरी होते. चारपैकी दोन प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलटे. तिरप्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले एका दिशेचे. हबवर ए आणि बी असं कोरलेलं असतं, पण एका कंपनीचा ए म्हणजे दुसरीचा बी असू शकतो. म्हणून अक्षरावर जाऊ नका. पात्याची वर असलेली, जाडसर, गोलाकार कड पुढे जायला हवी, धारदार कड मागे. मोटरीच्या तारांचाही संकेत आहे: लाल-निळ्या तारांची मोटर घड्याळाच्या दिशेची, काळ्या-पांढऱ्याची उलट्या दिशेची. बहुतेक वेळा खरा, पण प्रॉप न लावता कागदाची चिठ्ठी शाफ्टला टेकवून खात्री करून घ्या. आणि तारा उलट्या जोडून मोटर उलटी फिरवू नका. ब्रशची जागा एका दिशेसाठी बसवलेली असते. उलटी फिरवल्यावर ती जोर कमी देते आणि झिजते जास्त.

काट्याची तयारी

लागणाऱ्या गोष्टी: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, २०० ग्रॅम क्षमतेचा खिशातला डिजिटल काटा, सोनार वापरतात तसल्या जातीचा. आम्ही ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणला. सोबत एक मल्टिमीटर, शक्य असेल तर दोन. व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असा पॉवर सप्लाय, तो नसेल तर व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ चं छोटं मॉड्यूल आणि जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर. थोड्या आइसक्रीमच्या काड्या, गोंद, बारीक मऊ तार. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं, पण ही यादी एवढी साधी आहे की बहुतेक वस्तू घरबसल्या मागवूनही होतील.

काटा आधी तपासा. २०११ च्या मालिकेतलं, रुपयाचं चिन्ह असलेलं ५ रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. झिजलेलं नाणं घेऊ नका. तशी पाच नाणी ठेवून ३० च्या आसपास आकडा येतो का बघा. नाणी वेगवेगळ्या मालिकांची मिसळली तर गोंधळ होईल, कारण नंतरच्या मालिकेत वजनं बदलली आहेत.

आता मांडणी. बहुतेक जण मोटर काट्यावर उभी चिकटवतात, प्रॉप वर, हवा खाली. मग ती हवा काट्याच्या ताटलीवरच आदळते आणि आकडा खोटा येतो. ज्याने क्वाड वर जायचं तेच ताटली खाली दाबतंय, म्हणजे अर्धी भांडणं घरातच. त्याऐवजी काड्यांची दाराच्या चौकटीसारखी कमान बनवा, वीसेक सेंटिमीटर उंच. दोन्ही पाय ताटलीवर. जिथे तोरण बांधतात तिथे मोटर लावा, पण शाफ्ट खाली करून. प्रॉप नेहमीसारखाच बसवलेला, फक्त मोटर उलटी टांगलेली. आता हवा खालून ओढली जाऊन वर फेकली जाते आणि कमान खाली दाबली जाते. काट्यावर दिसणारी वाढ म्हणजे थेट उचल. कमानीची वरची काडी शक्य तितकी अरुंद ठेवा, कारण हवा तिच्यावरूनच जाते. पायांना खाली एक आडवी पट्टी द्या, म्हणजे कमान डुलणार नाही.

तारा ही काट्याची शत्रू. जाड तार ताटली उचलून धरते. बारीक, मऊ तारांचा सैल झोका करून बाजूला न्या आणि त्या टेबलावर चिकटपट्टीने बांधा. मोटर बंद असताना तारेला हळूच टिचकी मारून बघा. आकडा परत होता तिथे आला पाहिजे.

पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात ठाण्यात हे लिहिणं सोपं आहे, करणं नाही. घामाचा थेंब ताटलीवर पडला की आकडा बदलतो, हेही आम्ही मोजलं! पहाटे करा, किंवा रात्री जेवणानंतर. मोटरीलाही हवेतला गारवा मानवतो.

डोळ्यांवर चष्मा हवाच. ६५ मिमीचा प्रॉप मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे तासाला ३०० किलोमीटर होतो. वजन नगण्य असलं तरी डोळ्याला तेवढं पुरतं. प्रॉपच्या पातळीत डोकं आणू नका. आकडे बाजूने, वरून बघा.

मोजायचं काय

इथे बहुतेक लोक चुकतात. पूर्ण जोर लावतात, सगळ्यात मोठा आकडा ज्याचा त्याला बक्षीस देतात. विक्रेतेही तोच आकडा छापतात. पण तुमचं क्वाड आयुष्याचा मोठा भाग तरंगत काढतं, पूर्ण जोरावर नाही. म्हणून पहिला प्रश्न असा असावा: तरंगायला जेवढी उचल हवी तेवढी देताना हा प्रॉप किती वॅट खातो?

बॅटरीसकट क्वाडचं वजन करा. समजा ४४ ग्रॅम आलं. प्रत्येक मोटरच्या वाट्याला ११ ग्रॅम. आता सप्लायचं व्होल्टेज हळूहळू वाढवत काटा ११ वर आणा. पाच-सहा सेकंद थांबा, मोटरच्या टोकांवरचं व्होल्टेज आणि करंट लिहा, बंद करा. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट. ११ ला त्याने भागलं की ग्रॅम प्रति वॅट. मग व्होल्टेज ३.७ वर, म्हणजे एका सेलच्या बॅटरीच्या नेहमीच्या व्होल्टेजवर, ठेवून पूर्ण जोराचं एक वाचन: उचल आणि करंट. प्रत्येक वाचनानंतर दोन मिनिटं विश्रांती. हे आळसापोटी टाळू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मोटर ४० अंशांनी तापली की रोध जवळपास १६ टक्के वर. मग दुसऱ्या नंबरला तपासलेला प्रॉप नेहमीच हरतो, बिचाऱ्याचा दोष नसताना.

व्होल्टेज मोटरच्याच टोकांवर मोजा, सप्लायच्या पडद्यावरचं मानू नका. मल्टिमीटरच्या तारा, करंट मोजणाऱ्या आयएनए२१९ सारख्या सेन्सरमधला ०.१ ओहमचा रोध, जुनाट कनेक्टर, सगळे थोडं थोडं खातात. १.५ अँपिअरला ०.१ ओहम म्हणजे ०.१५ व्होल्ट. बारा व्होल्टच्या यंत्रात कोणी बघणार नाही. एका सेलच्या क्वाडमध्ये तो मोठा घास आहे.

आणखी एक वाचन घ्या, जे फारसं कोणी घेत नाही: मोटरचा स्वतःचा रोध. शाफ्ट बोटांनी घट्ट धरून मोटरमधून थोडासाच करंट सोडा, ०.१ ते ०.२ अँपिअर, सोबत एक रोधक (रेझिस्टर) जोडून. मोटरवरचं व्होल्टेज भागिले करंट म्हणजे ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच-सहा जागी मोजा आणि सरासरी काढा, कारण ब्रशचा संपर्क जागेनुसार बदलतो. थेट मल्टिमीटरच्या ओहम खुणेवर मोजलंत तर एवढ्या लहान रोधाचा आकडा भरवशाचा येत नाही.

याचा उपयोग? करंट गुणिले रोध म्हणजे मोटरच्या तारेत नुसतं उष्णतेत जाणारं व्होल्टेज. दिलेल्या व्होल्टेजचा जितका हिस्सा तिथे जातो तितकी वीज वाया. हा हिस्सा निम्म्याच्या पुढे गेला, की तुम्ही वीज देऊन प्रॉप कमी फिरवताय आणि मोटर जास्त शेकताय.

एक उदाहरण, आकडे मांडून

समजा मोटरचा रोध १ ओहम आहे आणि तीन प्रॉप समोर आहेत. पहिला ४६ मिमीचा. दुसरा ५५ मिमीचा, घडण पहिल्यासारखीच, नुसता मोठा केलेला. तिसराही ५५ मिमीचा, पण कमी पिचचा. हे आकडे गणित समजावं म्हणून मांडलेले आहेत. तुमच्या मोटरीचे वेगळे येतील, पण चाल अशीच असेल.

११ ग्रॅमला पहिला २.४ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर घेतो: २.१६ वॅट, ५.१ ग्रॅम प्रति वॅट. दुसरा २.१३ व्होल्ट, १.०८ अँपिअर: २.३ वॅट, ४.८ ग्रॅम प्रति वॅट. म्हणजे मोठा प्रॉप तरंगतानासुद्धा जास्त खातोय! तिसरा २.०९ व्होल्ट, ०.९५ अँपिअर: जवळपास २ वॅट, ५.५ ग्रॅम प्रति वॅट.

३.७ व्होल्टच्या पूर्ण जोरावर पहिला साधारण २० ग्रॅम उचल देतो १.६६ अँपिअरला, दुसरा २२.४ ग्रॅम २.२ अँपिअरला, तिसरा २३.५ ग्रॅम २ अँपिअरला. वाया जाणारा हिस्सा पहिल्यात ४५ टक्के, दुसऱ्यात जवळपास ६०, तिसऱ्यात ५५. वॅटमध्ये सांगायचं तर पहिल्या प्रॉपला मोटरीत पावणेतीन वॅट उष्णता, दुसऱ्याला जवळपास पाच. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत पाच वॅट. भाचीच्या मोटरीला हात का पोळला ते इथे आलं.

असं का होतं? तेवढीच उचल देण्यासाठी हवेला किमान किती शक्ती द्यावी लागते ते व्यासाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. ५५ मिमीचा प्रॉप ४६ वाल्यापेक्षा जवळपास सहावा हिस्सा शक्ती वाचवतो. पण त्याच घडणीच्या मोठ्या प्रॉपला पिळ, म्हणजे टॉर्क, व्यासाच्या प्रमाणात वाढवून लागतो. ब्रश्ड मोटरीत टॉर्क म्हणजे करंट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. प्रॉपने पुढच्या दाराने आणलेली बचत मोटर मागच्या दाराने विकते. पिच कमी केल्यावर टॉर्कची मागणी उतरते, म्हणून तिसरा सुटला.

मग कुठला घ्यायचा? उडवायला शिकताय, दिवसातून पाच-सहा बॅटऱ्या संपवताय, तर पहिला. उचल वजनाच्या १.८ पट, घरात उडवायला पुरे, आणि मोटरी टिकतील. हात बसलाय, थोडी चपळाई हवी, छोटा कॅमेरा न्यायचाय, तर तिसरा. पण पूर्ण जोर दोन-तीन सेकंदांच्या वर लावू नका. दुसरा कोणालाच नको. सगळ्यांत जास्त विकला जातो तो बहुधा दुसराच, कारण पाकिटावर "हाय स्पीड" लिहून फक्त व्यास मोठा दिलेला असतो.

चार मोटरी सारख्या आहेत का

प्रॉपची तुलना एका मोटरीवर झाली, की तोच निवडलेला प्रॉप चारही मोटरींवर एकेक करून लावा, तेच ३.७ व्होल्ट. (उलट्या दिशेच्या दोन मोटरींना त्यांचा जोडीदार प्रॉप लागेल.) चार आकडे एका ओळीत लिहा. एखादीची उचल इतरांपेक्षा दहाएक टक्के कमी असेल तर प्रॉप बदलून फायदा नाही, मोटर बदला. एक मोटर मेली की ती एकटी बदलावी की जोडी, यावर भाची आणि मी अजून भांडतो. माझं मत जोडीचं, तिचं मत खिशाचं.

फेऱ्या मोजायला फोन पुरतो

आवाजाचे सूर वेगवेगळे करून दाखवणारी मोफत ॲप फोनवर असतात. फोन प्रॉपपासून हातभर लांब ठेवा. सगळ्यात ठळक सूर बहुधा पात्यांचा असतो: सेकंदाला फेऱ्या गुणिले पाती. दोन पात्यांच्या प्रॉपला ८०० हर्ट्‌झ दिसले तर सेकंदाला ४०० फेऱ्या, मिनिटाला २४,०००. चार पात्यांच्या प्रॉपला तेच ८०० दिसले तर मिनिटाला १२,०००. पात्यांची संख्या विसरलात तर आकडा दुप्पट-निमपट चुकतो, सावध राहा.

या पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसते. दोन पात्यांच्या प्रॉपच्या मुख्य सुराच्या बरोबर निम्म्यावर दुसरा ठळक सूर उभा असेल, तर तो प्रॉपच्या असमतोलाचा. एका फेरीत एकदा बसणारा धक्का. निरोगी प्रॉपमध्ये तो जेमतेम दिसतो.

समतोल

शाफ्टच्या जाडीची गुळगुळीत सुई घ्या, प्रॉपच्या भोकात सैलसर बसेल अशी, आणि दोन कपांच्या काठांवर आडवी ठेवा. प्रॉप कुठल्या बाजूने खाली जातो बघा. आडवा राहिला पाहिजे, आणि हलवून सोडल्यावर कुठल्याही कोनात थांबला पाहिजे. जड पात्याच्या वरच्या बाजूला टोकाकडे बारीक पॉलिश पेपर दोन-तीन वेळा फिरवा. पुढची कड घासू नका, तिचा आकार बिघडला की सगळं बिघडलं. घासायचं नसेल तर हलक्या पात्याच्या खालच्या बाजूला सेलोटेपचा तांदळाएवढा तुकडा. भोक बंद असलेल्या हबला ही युक्ती चालत नाही. तिथे मोटरवर लावून, कमी वेगात बोटाने अंग धरून थरथर ओळखावी लागते. क्रेझीफ्लायमध्ये याची सोय आतच आहे: ते एकेक मोटर फिरवून स्वतःच्या ॲक्सिलरोमीटरने, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने, थरथर मोजतं.

पातं वाकलंय का ते बघायला प्रॉप मोटरवर ठेवून हाताने फिरवा, टोकाशेजारी काडी धरून. दोन्ही टोकं एकाच उंचीवरून गेली पाहिजेत. नाही गेली तर फेकून द्या. गरम पाण्यात बुडवून सरळ केलेला प्रॉप दिसायला सरळ असतो, वागायला नाही. पोखरण रोडला उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं पाकीटही असंच वाकतं. आमचं गेलं एकदा.

हवेतली परीक्षा

टेबलावर जिंकलेला प्रॉप हवेत पुन्हा सिद्ध करावा लागतो, कारण तिथे फ्रेम हवेच्या वाटेत येते आणि बॅटरीचं व्होल्टेज दाबाखाली खचतं. एकच बॅटरी घ्या. ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरा, दहा मिनिटं थांबा. घरात, पंखे बंद करून, जमिनीपासून मीटरभर उंचीवर नुसतं तरंगत ठेवा. जमिनीच्या फार जवळ नको, तिथे खालून हवेचा गादीसारखा आधार मिळतो आणि वेळ फुगून दिसते. उडत असताना ३.३ व्होल्टला उतरवा. त्याखाली खेचत राहिलात तर बॅटरीच्या जिवाशी खेळ. मिनिटं-सेकंद लिहा, आणि चार्जर दाखवत असेल तर परत भरताना किती मिलीअँपिअर-तास गेले तेही.

दोन प्रॉपची तुलना करताना क्रम असा ठेवा: पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. दोन्हीची सरासरी काढा. नुसतं पहिला-मग-दुसरा केलंत तर चाचणीत झिजत गेलेली मोटर आणि थकत गेलेली बॅटरी दोन्ही दुसऱ्याच्या माथी बसतात. प्रत्येक उड्डाणानंतर चारही मोटरींना पाच सेकंद बोट लावा. पाच सेकंद धरवत नसेल तर तो प्रॉप, आकडे काहीही म्हणोत, या मोटरीसाठी नाही. एकच मोटर तापली असेल तर प्रॉप सोडा, तिचा शाफ्ट वाकलाय का, केस अडकलाय का ते बघा.

फ्लाइट कंट्रोलरची, म्हणजे मोटरी सांभाळणाऱ्या क्वाडवरच्या सर्किटची, सेटिंग या काळात हलवू नका. विशेषतः मोटरीला जाणाऱ्या पल्सची वारंवारता. ती वाढवली की करंटची उसळी कमी होऊन मोटर थोडी थंड राहते, म्हणजे मधेच बदललीत तर श्रेय प्रॉपला जाईल आणि काम सेटिंगने केलेलं असेल.

आणि बाहेर? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं क्वाड नॅनो गटात येतं आणि त्याला रिमोट पायलट परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे आकाश मोकळं असं नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय. उलवे, पनवेल, खारघर, बेलापूर ही सगळी त्याच्या शेजारची वस्ती. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघावं, शिवाय पोलिसांचे वेळोवेळी निघणारे ड्रोनबंदीचे आदेशही. आम्ही त्या फंदात पडतच नाही. भाचीच्या सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट दुपारी दोन ते चार रिकामं असतं, छत उंच, वारा नाही, आणि सेक्रेटरींची एकच अट आहे: नेटमध्ये अडकलेले प्रॉप संध्याकाळच्या खेळाआधी काढायचे. तिच्या वहीत आता शेवटच्या पानावर क्वाडच्या चार कोपऱ्यांची आकृती आहे, प्रत्येक कोपऱ्यात मोटर बसवल्याची तारीख आणि त्या दिवशीची ३.७ व्होल्टची उचल. पुढच्या जोडीला ती महिन्याने पुन्हा काट्यावर चढवणार आहे.